रोजच्या कामाचा ट्रॅक्टर व प्रसंगी ओढावयाची ट्रॉली
ट्रॅक्टर निवडताना वर्षातून चार-सहा वेळा ओढावयाच्या ट्रॉलीकडे न पाहता रोजच्या कामाकडे पाहावे. फवारणी व आंतरमशागतीस लहान ट्रॅक्टर पुरतो. विनाकारण मोठा घेतल्यास डिझेल व हप्ता दोन्ही वाढतात. ट्रॉलीचा भार मात्र केवळ अश्वशक्तीवर नव्हे, तर ट्रॅक्टरच्या वजनावर व ब्रेकवर ठरवावा. १० फुटांस १ फूट चढावर ३ टनांची भरलेली ट्रॉली, केवळ चढामुळे, सुमारे ३०० किलोच्या जोराने मागे खेचते; उतारावर तोच भार ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. म्हणून ट्रॉली खालच्या ड्रॉबारलाच जोडावी, दोन्ही ब्रेकपेडल एकत्र अडकवावेत व उतार खालच्या गिअरमध्येच उतरावा. जास्त माल दोन खेपांत न्यावा. एक खेप वाचविण्यासाठी जीव धोक्यात घालणे ही काटकसर नव्हे, हे कार्यकर्त्यांनी शेतकरी बंधूंस हंगामापूर्वीच पटवून द्यावे.