आधी निळा दाखवा

प्रयोगशाळेत कुणी पेशींचे फोटो दाखवायला आणले की हिरव्या-लाल रंगांचं कौतुक सुरू होतं. मी म्हणते, आधी निळा दाखवा. हा निळा म्हणजे डॅपी. डीएनएला चिकटणारं आणि अतिनील प्रकाशात चमकणारं हे द्रव्य १९७१मध्ये जर्मनीत, एर्लांगेनच्या ओटो डान यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं, तेही आफ्रिकेतल्या निद्रारोगावर औषध शोधताना. औषध म्हणून ते चाललं नाही. पण डीएनएच्या दुहेरी गोफातल्या अरुंद खाचेत, विशेषतः ए-टी जोड्या जास्त असतील तिथे, ते घट्ट बसतं आणि सुमारे २० पट उजळतं. त्यावर त्याचं नशीब उघडलं.

कृती सोपी. फॉर्मल्डिहाइडनं पेशी स्थिर करायच्या, मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम इतकं पातळ द्रावण घालायचं, पाच-दहा मिनिटं अंधारात ठेवायचं, धुवायचं. हातमोजे हवेतच, डीएनए आपल्यालाही आहे. जिवंत पेशींसाठी होएक्स्ट ३३३४२ बरं, ते पेशीपटलातून सहज आत शिरतं. (फोटोतला गडद निळा बहुतेकदा संगणकानं भरलेला असतो. कॅमेरा कृष्णधवलच.)

केंद्रक लंबगोल, गुळगुळीत असलं तर ठीक. आक्रसून त्याचे झगझगीत तुकडे झाले असतील तर पेशी मरणपंथाला लागली आहे. गुणसूत्रं मधोमध ओळीनं उभी असतील तर विभाजन चालू आहे.

पण मी बघते ते केंद्रकाबाहेर. तिथे अंधारच हवा. रांगोळी सांडल्यासारखे बारीक निळे ठिपके पेशीभर आणि पेशींच्या मधल्या जागेतही दिसले, की मायकोप्लाझ्माचा संशय घ्यायचा. हा जिवाणू मोठा बेरकी. त्याला पेशीभित्तिकाच नाही, त्यामुळे पेनिसिलिन निरुपयोगी. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो निसटू शकतो आणि माध्यम गढूळ होत नाही. पेशी वाढत राहतात, फक्त त्यांचं वागणं बदलतं आणि आपण ते आपल्या प्रयोगाच्या खात्यावर जमा करतो.

मायटोकॉन्ड्रियाचा डीएनएही कधी पुसट दिसतो, म्हणून पीसीआरनं खात्री करून घ्यायची. लागण ठरली की फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये. "मॅडम, हिरवा सिग्नल इतका छान आलाय!" अशी कुरकुर होते. होऊ दे. त्याच दिवशी इन्क्युबेटरमधले शेजारचे फ्लास्कही मी तपासायला लावते.