हृदयविकार आणि लांबलेला कोविड : २८ टक्के म्हणजे किती?

जून २०२३ मध्ये तासगावला शिक्षकांच्या एका प्रशिक्षणासाठी आम्ही गेलो होतो. चहाच्या सुट्टीत एका प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक आमच्याकडे आले. त्यांची २०१६ साली अँजिओप्लास्टी झाली होती. मे २०२१ मध्ये कोविड झाला आणि बारा दिवस ऑक्सिजनवर काढावे लागले. दोन वर्षे उलटली, तरी फळ्यावर सलग लिहिताना दम लागतो, दोन तास झाले की अंगातले त्राण जाते, असे ते सांगत होते. मोबाइलवर आलेला मजकूर त्यांनी दाखवला : ‘हृदयरोग्यांना लाँग कोविडचा धोका २८ टक्के!’

“म्हणजे शंभरातल्या अठ्ठावीसांत आमचा नंबर लागला म्हणायचा,” ते म्हणाले. “आता हे असंच चालायचं.”

या बोलण्यात दोन चुका आहेत. एक गणिताची आणि दुसरी, जी महागात पडू शकते, ती निदानाची.

आधी लाँग कोविड म्हणजे काय ते पाहू. सांगली जिल्ह्यातले पहिले रुग्ण मार्च २०२० मध्ये इस्लामपूरला सापडले. तेव्हा सगळ्यांचे लक्ष एकाच आकड्यावर असे : किती जणांना घरी सोडले? घरी सोडला म्हणजे बरा झाला, असा हिशेब होता. घरी गेलेल्यांतले काही जण पुन्हा पूर्वीसारखे झालेच नाहीत, हे पुढे हळूहळू कळत गेले. अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक व्याख्या केली. कोविड झाल्यावर साधारण तीन महिन्यांनीही जी लक्षणे आहेत, जी किमान दोन महिने टिकली आहेत आणि ज्यांचा उलगडा दुसऱ्या कोणत्याही आजाराने होत नाही, ती या सदरात मोडतात. थकवा, दम लागणे आणि विचारांत सुस्ती ही त्यांतली नेहमीची. व्याख्येतला शेवटचा भाग वाचकांनी ध्यानात ठेवावा, तो पुढे लागणार आहे.

आता तो २८ चा आकडा. मार्च २०२३ मध्ये इंग्लंडमधील नॉरिच येथील संशोधकांनी ४१ अभ्यास एकत्र करून, म्हणजे साडेआठ लाखांहून अधिक रुग्णांची माहिती घेऊन, लाँग कोविड कोणाला जास्त होतो हे तपासले. हृदयाच्या रोहिण्या अरुंद झालेल्यांसाठी त्यांना १.२८ असे गुणोत्तर मिळाले. हे गुणोत्तर ‘होणाऱ्यांचे न होणाऱ्यांशी’ असते. समजा, हृदयविकार नसलेल्या १०० जणांपैकी १० जणांना लाँग कोविड झाला. म्हणजे १० ला ९०, अर्थात ०.१११. याला १.२८ ने गुणले की ०.१४२ येते. त्याचे पुन्हा शंभरात रूपांतर केले, तर सुमारे साडेबारा. दहाचे साडेबारा झाले, अठ्ठावीस नव्हे! नववीच्या वर्गाला हे उदाहरण जरूर घालावे. वर्तमानपत्रातले निम्मे ‘धोके’ असेच फुगलेले निघतात.

त्याच अभ्यासात रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांचे गुणोत्तर २.३७ होते, हृदयविकारापेक्षा बरेच मोठे. स्त्रियांचे १.५६. उलट लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांचे ०.५७, म्हणजे धोका कमी.

जोखीम घटक आणि कारण यांत फरक आहे. तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला तो वेगळा समजावून द्यावा लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की त्याची झोप उडते, कारण डाऊनी येण्याची शक्यता वाढते. पण पाऊस झाला म्हणून प्रत्येक बागेत डाऊनी येतेच असे नाही, आणि डाऊनी होते ती बुरशीसारख्या एका सूक्ष्मजीवामुळे, पावसामुळे नव्हे. पाऊस फक्त त्याला सोयीचे करून देतो. शिवाय कॅनॉपी दाट असेल, हवा खेळत नसेल, तर तोच पाऊस जास्त घातक ठरतो. घटक असे एकमेकांत गुंतलेले असतात. हृदयरोग्याचेही तसेच. त्याचे वय बहुधा जास्त, सोबत मधुमेह किंवा रक्तदाब, त्यामुळे कोविड तीव्र होण्याची आणि रुग्णालयात जावे लागण्याची शक्यता मोठी. मग नंतरच्या थकव्यातला वाटा हृदयाचा किती आणि तीव्र आजाराचा किती? संशोधक सांख्यिकीने ही गुंतागुंत सोडवू पाहतात, पण ती पूर्ण सुटत नाही.

हृदयाचा थेट संबंध नाही असे मात्र नाही. हा विषाणू पेशीत शिरताना एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटतो, आणि ते प्रथिन फुप्फुसांप्रमाणे हृदयात आणि रक्तवाहिन्यांतही असते. संसर्गात रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. रोहिण्या आधीच अरुंद असतील, तर हा भार पेलायला त्या हृदयाकडे शिल्लक कमी असते. काही जणांत नाडीवर ताबा ठेवणारी स्वायत्त चेतासंस्थाच बिघडते. उभे राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी मिनिटाला तीस किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढते आणि तशीच राहते, रक्तदाब मात्र उतरत नाही. अशा शिक्षकाला फळ्यासमोर उभे राहणे हेच कष्टाचे काम होऊन बसते.

बाण उलट दिशेनेही जातो. अमेरिकेतील माजी सैनिकांपैकी कोविड झालेल्या सुमारे दीड लाख जणांचा अभ्यास फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कोविड न झालेल्यांच्या तुलनेत वर्षभरात दर हजारी ४५ जणांना जास्त हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा काही ना काही विकार जडला. त्यांत हार्ट फेल्युअरचे प्रमाण हजारी १२ च्या आसपास होते. (हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे, त्याचा पंप कमजोर होणे.) ज्यांना पूर्वी हृदयविकार नव्हता, त्यांच्यातही ही वाढ दिसली. त्या पाहणीत बहुतेक वयस्क पुरुष होते आणि काळ मुख्यतः लसीच्या आधीचा होता. तेव्हा आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत, पण दिशा स्पष्ट आहे.

आपल्याकडचाही एक आकडा पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३१ रुग्णालयांतून घरी गेलेल्या १४,४१९ कोविड रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. त्यांतले ९४२ वर्षाच्या आत दगावले, म्हणजे साडेसहा टक्के. आधीपासून एखादा दीर्घ आजार असलेल्यांत ही शक्यता पावणेदोन पटींहून जास्त होती. कोविड होण्याआधी लसीची एक मात्रा जरी घेतली असेल, तरी ती सुमारे ६० टक्क्यांनी कमी होती. लसीमुळे तरुण पटापट कोसळतात ही अफवा शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येते, म्हणून तेही सांगतो. १८ ते ४५ वयाच्या ७२९ आकस्मिक मृत्यूंची याच परिषदेने तपासणी केली. लसीने धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. कोविडसाठी पूर्वी रुग्णालयात राहावे लागणे हा घटक मात्र धोका वाढवणारा निघाला.

आता मुख्याध्यापकांच्या दुसऱ्या चुकीकडे वळू. आम्ही विचारले, “सर, कोविडनंतर इको कधी केला होता?” केलाच नव्हता. “कोविडचीच कमजोरी आहे, तर इको कशाला?” असे त्यांचे उत्तर. व्याख्येचा शेवटचा भाग येथे लागतो : दुसऱ्या आजाराने उलगडा होत नसेल, तरच लाँग कोविड. दम लागणे, थकवा, धडधड ही लक्षणे हृदयाचीही असतात, शिवाय रक्त कमी असण्याची आणि थायरॉईडचीही. हृदयरोग्याने ती सरसकट कोविडच्या खात्यावर टाकली, तर औषधाने आटोक्यात येणारा आजार आत वाढत राहतो. दम वाढत चालला आहे, पावलांवर सूज येते, उताणे झोपले की गुदमरते किंवा चालताना छातीत दाब येतो, अशा वेळी तर एक दिवसही थांबू नये.

मुख्याध्यापकांनी मिरजेला जाऊन तपासणी केली. पंपिंग ३८ टक्के निघाले. (ते शंभर असायला हवे असा पुष्कळांचा समज असतो. निरोगी हृदयही एका ठोक्यात आतले ५५ ते ७० टक्केच रक्त बाहेर टाकते.) औषधे सुरू झाली आणि तीन महिन्यांत जिना चढताना दम लागणे बरेच कमी झाले. पण थकवा पूर्ण गेला नाही. श्रमाच्या दिवशी बरे वाटायचे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुण धरायची वेळ यायची. हे मात्र लाँग कोविडचे ओळखीचे लक्षण आहे. म्हणजे त्यांना दोन्ही होते!

येथे सल्ला अवघड होतो. हृदयरोग्याला आपण म्हणतो, रोज थोडे जास्त चाला. श्रमानंतर असे कोसळणाऱ्याला तोच सल्ला दिला, तर तो आणखी खाली जातो. त्याने थकण्याआधी थांबायचे असते. त्यांच्या डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. रोज दहा मिनिटे सपाटीवर चालायचे, दोन दिवस त्रास झाला नाही तरच एक मिनिट वाढवायचे, आणि वहीत नोंद ठेवायची.

शाळेत त्यांनी आपले दोन्ही तास सकाळी घेतले आणि फळ्याशेजारी एक स्टूल ठेवले. तासगावच्या गणपतीच्या रथाचा दोर ते तरुणपणापासून धरत. त्या वर्षी ते रस्त्याकडेच्या ओट्यावर बसले. वहीत त्या दिवसापुढे ‘चौदा मिनिटे, त्रास नाही’ अशी नोंद आहे.