गोळीआधी मलम

सकाळी ९. शिरूरच्या दवाखान्यात बाकावर बायाच जास्त. कांदाकाढणी चालू आहे. दिवसभर विळ्याने पात कापायची आणि घरी येऊन धार काढायची, भाकऱ्या थापायच्या. पहिल्या मावशी हात पुढे करतात. बोटांच्या टोकांजवळच्या सांध्यांवर हरभऱ्याएवढ्या टणक गाठी, अंगठ्याचं बूड सुजलेलं. अंगठा दाबून फिरवला की त्या हात ओढूनच घेतात.

"सकाळी बोटं किती वेळ ताठ राहतात?"

"चहा होईस्तोवर, मॅडम. मग सुटत्यात."

म्हणजे अर्ध्या तासाच्या आत. आमवातात आखडलेपणा बराच लांबतो आणि टोकाचे सांधे सहसा वाचतात. ही सांध्यांची झीज. विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरांच्या नावाने या गाठी ओळखल्या जातात.

१०.३०. मावशींच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट निघतं. अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र, मेडिकलमधून मागून आणलेलं, दिवसाला दोन, कित्येक महिने. वर बीपीची गोळी चालूच. दाहशामक गोळ्या बीपी चढवतात, पोटात व्रण करतात, मूत्रपिंडावर ताण आणतात. त्यात उन्हात, अर्धीमुर्धी तहान भागवून काम करणारं शरीर. क्रिएटिनिनची चिठ्ठी देते आणि गोळी थांबवून डायक्लोफेनॅकचं जेल लिहिते. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८च्या शिफारशींतही हाताच्या झिजेवर औषधांत पहिला मान मलमाला आहे. हाताचे सांधे कातडीच्या लगेच खाली असतात. औषध तिथे पोचतं, रक्तात फार थोडं उतरतं.

"लावल्यावर तासभर हात पाण्यात घालायचा नाही."

"तासभर? मग भांडी कोण घासंल?"

प्रश्न बरोबर आहे. औषधाच्या पत्रकात दिवसातून चार वेळा लिहिलेलं असतं. ते ज्याने लिहिलं त्याच्या घरी भांडी दुसरं कुणी घासत असावं. दुपारची विश्रांती आणि रात्रीची झोप, एवढ्यावर आमची तडजोड होते.

मागून एक काका विचारतात, उरलेली ट्यूब बैलाच्या खांद्याला चालेल का? नाही. मेलेल्या जनावरांच्या मांसातून हे औषध पोटात जाऊन गिधाडं मेली, म्हणून २००६मध्ये गुरांसाठी ते बंद झालं.

दुपारी १.३०. न्हावरे, पारगाव, चौफुला असा दौंडचा रस्ता. दोन्हीकडे ऊस.

४.००. दौंड. रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा विनानावाची पुडी घेऊन आलेत. "जादूच आहे, मॅडम." चेहरा गोल सुजलेला, हातांवर जांभळे डाग, साखर वाढलेली. पुडीत स्टेरॉइड असावं, असा माझा दाट संशय. स्टेरॉइडने बरं वाटतं हे खोटं नाही. नेदरलँड्समधल्या ९२ रुग्णांच्या, २०१९मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेल्या चाचणीत रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनने सहा आठवड्यांत हाताचं दुखणं चांगलंच उतरलं. पण औषध थांबवल्यावर तो फरक टिकला नाही. शिवाय तिथे मात्रा मोजलेली होती आणि नजर डॉक्टरांची होती. पुडीत किती आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आजोबांना बजावते, एकदम सोडू नका, अंगात त्राण राहणार नाही, जीवावरही बेतू शकतं. आपण हळूहळू उतरवू.

एक शिक्षिका हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मागतात. शेजारणीला आमवातात गुण आलाय. इंग्लंडमधल्या २०१८च्या चाचणीत हाताच्या झिजेवर ते साध्या खोट्या गोळीहून सरस ठरलं नाही. त्यांना मी अंगठ्याचा पट्टा देते, शिवाय बाटल्यांची झाकणं उघडायला रबरी पकड. त्या जरा हिरमुसतात. पट्ट्याला औषधाचा दर्जा नाही ना!

रात्री ८. शेवटचा रुग्ण. तुमच्या घरात कुणी हातांसाठी दुखण्याची गोळी पंधरवड्याहून जास्त घेत असेल, तर पुढचं पाकीट आणण्याआधी बीपी आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. आणि दवाखान्यात येताना पुडी असेल तर ती लपवू नका, सोबत आणा.