घाऊक बाजारातील दर आणि घरगुती वीजबिल

दरमहा हाती येणाऱ्या वीजबिलावर बहुतेक कुटुंबे दोनच आकडे पाहतात : वापरलेली युनिटे आणि भरावयाची रक्कम. या दोहोंच्या दरम्यान अनेक ओळी असतात. महाराष्ट्रातील बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशी त्यांची नावे आढळतात. यांपैकी इंधन समायोजन आकाराची ओळ एखाद्या महिन्यात रिकामी असते, तर दुसऱ्या महिन्यात तिच्यातील रक्कम लक्षणीय असते. त्यामुळे वापर तेवढाच असूनही बिल बदलते. वितरण कंपनीने वीज खरेदी करताना सोसलेले चढउतार याच ओळीतून घरापर्यंत येतात. स्मार्ट मीटरच्या प्रसाराबरोबर आता दिवसाच्या वेळेनुसार दर आकारण्याची पद्धतही घरगुती ग्राहकांसाठी येऊ लागली आहे. या पार्श्वभूमीवर घाऊक दर कसा ठरतो, तो ग्राहकापर्यंत कोणत्या मार्गांनी पोहोचतो आणि त्यातील जोखीम कोणी उचलावी, हे समजून घेणे आवश्यक आहे.

घाऊक दर कसा ठरतो?

धान्याप्रमाणे वीज कोठारात भरून ठेवता येत नाही. बॅटरी व उदंचन जलविद्युत प्रकल्पांद्वारे साठवण शक्य असली तरी ती एकूण गरजेच्या तुलनेत मर्यादित आहे. म्हणून मागणी आणि पुरवठा यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो. विद्युत अधिनियम, २००३ मुळे वीजव्यापाराला स्वतंत्र स्थान मिळाले आणि २००८ मध्ये देशात वीज विनिमय केंद्रे सुरू झाली. तेथे दुसऱ्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ कालखंड पाडले जातात आणि प्रत्येक कालखंडासाठी खरेदीदार व विक्रेते आपापल्या बोली नोंदवतात.

विक्रीच्या बोली स्वस्ताकडून महागाकडे लावल्या जातात. मागणी पूर्ण करण्यासाठी जी शेवटची बोली स्वीकारावी लागते, तिचा दर त्या कालखंडातील सर्वांना लागू होतो. समजा, सौर प्रकल्पाची बोली २ रुपयांची, कोळशावरील केंद्राची ४ रुपयांची आणि वायूवरील केंद्राची ८ रुपयांची आहे. पहिल्या दोहोंत मागणी भागली तर दर ४ रुपये राहील. थोडीशी वीज वायू केंद्राकडून घ्यावी लागली, तरी सर्व विजेचा दर ८ रुपये होईल. दुपारी दोनचा आणि रात्री आठचा दर यांत मोठी तफावत पडते ती यामुळेच.

ऑक्टोबर २०२१ मधील कोळसा टंचाईच्या काळात आणि पुन्हा मार्च २०२२ च्या उकाड्यात बाजारातील दर प्रतियुनिट २० रुपयांपर्यंत चढला होता. त्यानंतर केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये १२ रुपयांची आणि २०२३ मध्ये १० रुपयांची कमाल मर्यादा घातली. याउलट मे २०२५ मध्ये मुबलक सौरवीज व तुलनेने कमी मागणी यांमुळे काही दिवशी दुपारचा दर शून्याच्या आसपास उतरला.

घरापर्यंत येण्याचे चार मार्ग

पहिला मार्ग वार्षिक सरासरीचा. वितरण कंपन्या आपली बहुतांश वीज दीर्घ मुदतीच्या करारांनी घेतात. विनिमय केंद्रांवरील खरेदीचा वाटा ढोबळमानाने एक दशांश किंवा त्याहून कमी असतो. या सर्व खर्चाचा अंदाज घेऊन राज्य विद्युत नियामक आयोग दर ठरवून देतो. त्यामुळे बाजारातील रोजचे हेलकावे ग्राहकाला जाणवत नाहीत.

दुसरा मार्ग समायोजनाचा. इंधन व वीज खरेदीचा प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा वेगळा निघाला, तर फरक नंतरच्या बिलांत येतो. डिसेंबर २०२२ मधील केंद्रीय नियमांनी ही वसुली दरमहा व आपोआप व्हावी अशी तरतूद केली. या नियमांतील सूत्रानुसार एप्रिलमधील वाढीव खर्च जूनच्या बिलात दिसतो. वितरण कंपनीची थकबाकी साचू नये, हा यामागील हेतू रास्त आहे. मात्र वीज महाग असताना ग्राहकाला ते ठाऊक नसते आणि बिल हाती येते तेव्हा वापर कमी करण्याची वेळ टळून गेलेली असते.

तिसरा मार्ग वेळेनुसार दराचा. जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करण्यात आली. तिच्यानुसार सौर तासांतील वीज आकार नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा. कमाल मागणीच्या तासांत तो वाणिज्यिक व औद्योगिक ग्राहकांसाठी किमान २० टक्के आणि इतरांसाठी किमान १० टक्के जास्त असावा. कृषिग्राहक वगळता उर्वरित ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२५ ही तारीख देण्यात आली आणि स्मार्ट मीटर बसविणे ही त्याची पूर्वअट आहे. राज्याराज्यांत अंमलबजावणीचा वेग वेगवेगळा आहे. येथे दर रोज बदलत नाही. बाजाराचा सर्वसाधारण कल तेवढा आधी जाहीर केलेल्या दरपत्रकात उतरतो.

चौथा मार्ग थेट जोडणीचा. यात तासागणिक बदलणारा घाऊक दर जसाच्या तसा ग्राहकाला लागू होतो. भारतात घरगुती ग्राहकांसाठी ही पद्धत प्रचलित नाही. परंतु काही देशांनी ती अनुसरली आहे आणि त्यांचा अनुभव आपल्यासाठी बोलका आहे.

तीन देशांचे अनुभव

स्पेनमध्ये लहान ग्राहकांसाठीचा नियमित दर घाऊक बाजाराशी तासागणिक जोडलेला होता. दुसऱ्या दिवसाचे दर रात्री सव्वाआठच्या सुमारास प्रसिद्ध होत आणि अनेक कुटुंबे ते पाहून कपडे धुण्याची वेळ ठरवीत. परंतु दुर्बल घटकांसाठीची सामाजिक सवलत केवळ याच दरावर उपलब्ध होती. त्यामुळे २०२१-२२ मध्ये वायूचे भाव भडकले, तेव्हा ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज होती तेच ग्राहक बाजाराच्या झळीला सर्वाधिक सामोरे गेले. २०२४ पासून स्पेनने या दरात वायदे व्यवहारांतील किमतींचा टप्प्याटप्प्याने वाढणारा हिस्सा मिसळून चढउतार सौम्य केले.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात काही कुटुंबांनी थेट घाऊक दराचा करार पत्करला होता. सामान्य दिवसांत तो स्वस्त पडे. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात वीजकेंद्रे व वायूपुरवठा कोलमडला आणि घाऊक दर अनेक दिवस प्रतियुनिट ९ डॉलरच्या कमाल मर्यादेवर राहिला. कडाक्याच्या थंडीत घर उबदार ठेवणे टाळता येत नव्हते. काही कुटुंबांची देयके हजारो डॉलरवर गेली. त्याच वर्षी तेथील विधिमंडळाने घरगुती ग्राहकांसाठी अशा करारांवर बंदी घातली.

नॉर्वेमध्ये बहुसंख्य कुटुंबांचे करार बाजारभावाशी निगडित असतात. २०२१ च्या अखेरीस दर वाढू लागले, तेव्हा शासनाने दर नाकारला नाही. ठरावीक पातळीवरील वाढीचा मोठा भाग शासनाने स्वतः उचलला. ऑक्टोबर २०२५ पासून कुटुंबांना स्थिर दराचा पर्यायही देण्यात आला.

आपल्या घराचा हिशेब

वेळेनुसार दराचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. नेहमीचा वीज आकार ७ रुपये धरल्यास सौर तासांत तो ५ रुपये ६० पैसे आणि कमाल मागणीच्या तासांत ७ रुपये ७० पैसे होईल. महिन्याला २०० युनिटे वापरणारी दोन कुटुंबे घेऊ. पहिल्या घरी दिवसा कोणीतरी असते. पाण्याचा पंप, धुलाई यंत्र, इस्त्री ही कामे दुपारी होतात. तेथे ४० युनिटे सौर तासांत, ४० कमाल मागणीच्या तासांत आणि १२० इतर वेळी वापरली जातात. त्याचा वीज आकार १,३७२ रुपये होतो. दुसऱ्या घरातील सर्वजण कामावर जातात व संध्याकाळी परततात. तेथे हेच प्रमाण अनुक्रमे १०, ८० आणि ११० युनिटे असल्यास आकार १,४४२ रुपये होतो. एकाच दराने दोघांनाही १,४०० रुपये पडले असते.

फरक ७० रुपयांचा आहे. तो फार मोठा नाही. पण त्याची दिशा लक्षात घेण्याजोगी आहे. लाभ होतो तो वापराची वेळ बदलू शकणाऱ्याला. वातानुकूलन यंत्र, गिझर, विजेवरील वाहन असणाऱ्या घराकडे वळविण्याजोगी युनिटे पुष्कळ असतात. दोन दिवे आणि एक पंखा असलेल्या घराकडे ती जवळजवळ नसतातच. मुलांचा अभ्यास आणि संध्याकाळचा उजेड दुपारी हलविता येत नाही.

जोखीम कोणाची?

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. वीज केव्हा महाग आहे हे ग्राहकाला कळणे आणि त्या महागाईचा संपूर्ण भार ग्राहकाने उचलणे, या दोन भिन्न बाबी आहेत. पहिली उपयुक्त आहे. दुपारची सौरवीज वापरली जावी आणि संध्याकाळची महाग केंद्रे कमी चालवावी लागावीत, यात सर्वांचेच हित आहे. दुसरी मात्र टेक्सासप्रमाणे एका आठवड्यात कुटुंबाचे अंदाजपत्रक कोलमडवू शकते. वितरण कंपनी दीर्घ मुदतीचे करार करू शकते, घरधनी ते करू शकत नाही. म्हणून टोकाच्या दरवाढीची जोखीम कंपनी, नियामक आणि शासन यांच्या पातळीवरच अडविली गेली पाहिजे. आधी जाहीर केलेले वेळेनुसार दर हा या दृष्टीने संतुलित मार्ग आहे. मात्र अत्यल्प वापर असणाऱ्या कुटुंबांवर कमाल मागणीच्या तासांचा अधिभार पडू नये, याची काळजी राज्य आयोगांनी घ्यावयास हवी.

ग्राहकानेही काही गोष्टी जाणून घेणे हिताचे ठरेल. आपल्या राज्यात सौर तास कोणते, समायोजन आकार कोणत्या महिन्याचा आहे आणि कालखंडनिहाय नोंदी बिलावर दाखविल्या आहेत का, हे पाहावे. स्मार्ट मीटरचे वाचन दिवसातून किमान एकदा व्हावे आणि वापराची माहिती ग्राहकाला उपलब्ध असावी, अशी तरतूद २०२३ च्या नियमांत आहे. ती माहिती मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. बिलावरील प्रत्येक ओळीचा अर्थ कळला, तरच बदलता दर हा ग्राहकाला बचतीची संधी ठरेल. अन्यथा तो केवळ न समजणारा वाढीव आकडा राहील.