पोलादाचा रस मधासारखा दाट नसतो

भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे, म्हणजे खनिजापासून वितळलेले लोखंड काढणाऱ्या भट्टीचे, उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. आपण रेल्वेने जातो ते रूळ मोठ्या प्रमाणावर इथेच तयार होतात. या रुळांच्या पोलादातल्या रासायनिक अभिक्रिया द्रवात घडतात. तरीही द्रवातल्या अभिक्रियांबद्दल काही गैरसमज पक्के बसले आहेत.

गैरसमज १ : वितळलेले पोलाद मधासारखे दाट असते.
वस्तुस्थिती : १,६०० अंश सेल्सिअसला पोलादाची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, पाण्याच्या सुमारे सहापट असते. पण त्याची घनताही पाण्याच्या सुमारे सातपट असते. त्यामुळे ते जवळपास पाण्यासारखेच खळाळत वाहते. दाट असतो तो वर तरंगणारा स्लॅग, म्हणजे वितळलेल्या ऑक्साइडांची मळी. भारतीय लोहखनिजात आणि कोकच्या राखेत ॲल्युमिना जास्त असल्याने झोतभट्टीतला स्लॅग अधिकच चिकट होतो. तो पातळ राहावा म्हणून मॅग्नेशियायुक्त डोलोमाइट घालतात. भिलाईला ते हिर्रीच्या खाणीतून मिळते.

गैरसमज २ : एवढ्या उष्णतेत अभिक्रिया आपोआप उरकते.
वस्तुस्थिती : अणू एकत्र आले की ती क्षणात होते. वेळ लागतो तो त्यांना एकत्र यायला. पोलादातला गंधक चुनायुक्त स्लॅगमध्ये जातो, पण फक्त दोन्ही द्रव जिथे एकमेकांना टेकतात तिथेच. स्थिर रसात तळाचा गंधक नुसत्या विसरणाने, म्हणजे अणूंच्या आपोआप पसरण्याने, एक मीटर वर यायला काही वर्षे लागतील. स्लॅग घट्ट असेल, तर त्याच्या आतही गंधकाची वाट अडते. म्हणून लॅडलच्या, म्हणजे पोलादाचा रस ठेवण्याच्या भांड्याच्या, तळातून आर्गॉन वायू सोडून रस ढवळतात आणि वर्षांचे काम मिनिटांवर येते.

गैरसमज ३ : आर्गॉन पोलादाशी अभिक्रिया करून ते शुद्ध करतो.
वस्तुस्थिती : आर्गॉन निष्क्रिय आहे. त्याचे बुडबुडे वर चढताना रसाला सोबत ओढतात आणि पळीचे काम करतात. लोखंडाचे पोलाद करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये तर अभिक्रियाच स्वतःला ढवळते : कार्बन आणि ऑक्सिजनपासून बनलेला कार्बन मोनॉक्साइड रसाला उकळी आणतो.

गैरसमज ४ : जितके जोरात ढवळावे तितके चांगले.
वस्तुस्थिती : ढवळल्याने अभिक्रिया लवकर समतोलाला पोहोचते, पण समतोल बदलत नाही. तो तापमान आणि स्लॅगची घडण ठरवतात. अतिजोराने ढवळले तर स्लॅगचा थर फाटतो, उघडे पडलेले पोलाद हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषते आणि स्लॅगचे थेंब आत ओढले जातात.

अभिक्रियेचा वेग शिकवताना शाळेत तापमान, संहती, कणांचा आकार आणि उत्प्रेरक सांगितले जातात. शिक्षकांनी त्यांच्या जोडीला ‘मिसळणे’ हा घटकही सांगावा आणि उदाहरण म्हणून भिलाईची लॅडल फळ्यावर काढून दाखवावी.