‘बॉस’ शब्दाची कुळकथा

आपण रिक्षावाल्याला हाक मारतो ‘बॉस’, आणि कारखान्यातल्या वरिष्ठाविषयी कुजबुजतो तेही ‘बॉस’च. हा शब्द मूळचा डच. ‘बास’ म्हणजे धनी. न्यूयॉर्क हे १६६४ पर्यंत डचांचे न्यू ॲमस्टरडॅम होते. त्या वस्तीतून तो अमेरिकन इंग्रजीत शिरला.

धन्यासाठी इंग्रजीत ‘मास्टर’ हा शब्द होताच. मग उसनवारी कशाला? तिकडे गुलामही धन्याला ‘मास्टर’ म्हणत. पगारी गोऱ्या मजुराला ते नाव तोंडात नको होते. १८३८ साली कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपर यांनी त्यावर टोमणा मारला की, अर्थ तोच असताना शब्द बदलून साधले काय?

मजुराने मान मागितला, हे रास्तच झाले. चूक निराळीच होती. गुलामाची बेडी तुटावी म्हणून तो झटला नाही. आपण गुलाम नाही, एवढेच दाखवून थांबला. ती गुलामगिरी पुढे १८६५ पर्यंत टिकली.

हा दोष आपल्यातही आहे. मी स्वतः एकदा मागणीपत्रातून कंत्राटी कामगारांची नावे गाळली होती. ‘ते आपले नव्हेत’, असे कायम कामगार म्हणाले आणि मी मान डोलावली. ती बोच अजून गेलेली नाही.

‘साहेब’ हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ सोबती. गेटसभेत मागे उभ्या असलेल्या कंत्राटी माणसाला त्या अर्थाने ‘साहेब’ म्हणून पुढे बोलवा. मानाची सुरुवात तेथून होते.