पावसात पाहिलेली मुंबई

एका आषाढात पेरण्या उरकल्या आणि आम्ही मुंबई पाहायला निघालो. आम्ही म्हणजे घरची पाच माणसे. आम्ही दोघे, दोन मुले आणि म्हातारी आई. आई साठी उलटल्यावर साक्षरता वर्गाला जाऊ लागली होती. आता तिला जोडाक्षरेही वाचता येत. नायगावला आमचा आतेभाऊ राहतो. त्याच्याकडे उतरायचे ठरले.

त्या दिवशी आषाढ शुद्ध द्वितीया होती. ही तिथी ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

सकाळी गाडीतून उतरलो ते बोरीबंदरला. पाऊस धो धो पडत होता. आधी स्टेशनच पाहून घेतले. काय ते उंच घुमट! दगडात कोरलेली पाने, फुले, पशुपक्षी! ही इमारत १८७८ साली बांधायला घेतली. पुरी व्हायला दहा वर्षे लागली. हिचे नाव आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे. आपल्या देशातली प्रवाशांची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी याच बोरीबंदरहून ठाण्याला गेली.

तिथून आम्ही गेटवे ऑफ इंडिया पाहायला गेलो. ही समुद्राच्या काठावरची दगडी कमान आहे. उंची २६ मीटर, म्हणजे ८५ फूट. १९११ साली इंग्लंडचा राजा इथे उतरला. त्याच्या आठवणीसाठी ही बांधली. १९२४ साली ती पुरी झाली. आणि गंमत पाहा. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून आपल्या देशाबाहेर गेली! आई म्हणाली, "आले त्याच वाटेनं गेले म्हणायचे."

मग बसने हाजीअलीला गेलो. बारा वाजायला आले होते. हाजीअलीचा दर्गा समुद्रात एका खडकावर आहे. किनाऱ्यापासून तिथवर एक वाट बांधली आहे. वाटेवर लाटांचे पाणी चढू लागले होते. तरी मुले हट्ट धरून बसली. "पळत जाऊ, पळत येऊ," म्हणू लागली. आम्हालाही वाटले, एवढ्या लांबून आलो, तर पाहूनच जावे.

आई मात्र जागची हलेना. किनाऱ्यावर एक पाटी होती. ती पाटीवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचत होती. "भ-र-ती-च्या वेळी पुढे जाऊ नये." वाचून झाल्यावर ती म्हणाली, "लिहिलंय ते उगीच लिहिलंय का? कुणी पुढं पाऊल टाकायचं नाही."

शेजारी एक म्हातारे कोळीबाबा उभे होते. ते म्हणाले, "आजींनी बरोबर वाचलं. आज बीज आहे. दीड वाजता पुरी भरती. अर्ध्या तासात ही वाट पाण्याखाली जाईल."

आम्ही विचारले, "बाबा, हे तुम्हाला कसं कळलं? घड्याळ तर तुमच्याकडे नाही."

बाबा हसले. "त्याला घड्याळ कशाला? तिथीची पाऊणपट करा."

हा हिशेब सोपा आहे. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढते ती भरती. उतरते ती ओहोटी. मुख्यतः चंद्राच्या ओढीने हे होते. चंद्र रोज पाऊण तास उशिरा उगवतो. म्हणून भरतीही रोज पाऊण तास पुढे सरकते. अमावास्येला आणि पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती असते. प्रतिपदेला पाऊण वाजता. द्वितीयेला दीड वाजता. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहा वाजता. हा हिशेब ढोबळ आहे, पण मुंबई-कोकणाच्या किनाऱ्यावर कामास येतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्याचीही ओढ चंद्राच्या ओढीत मिळते. मग पाणी फार चढते. त्याला उधाण म्हणतात. पावसाळ्यातल्या उधाणात मुंबईची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते. त्याला भांग म्हणतात.

आम्ही परत बसमध्ये बसलो. नायगावच्या अलीकडे हिंदमाता म्हणून भाग आहे. तो बशीसारखा खोलगट आहे. तिथे गुडघाभर पाणी साचले होते. बस थांबली. मुलगा म्हणाला, "घर जवळच आहे. उतरून चालत जाऊ." कंडक्टरने त्याचा हात धरला. "बस खाली बाळा. या पाण्याखाली गटाराचं झाकण उघडं असलं तर दिसणार नाही."

त्यांचे म्हणणे खरे होते. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईचे एक नामांकित डॉक्टर असेच पाण्यातून चालत निघाले आणि उघड्या गटारात पडून दगावले. शिकलेला माणूस, ओळखीचा रस्ता. पण पाण्याखालचे कुणाला दिसते?

मुंबईत एवढे पाणी का साचते? मुंबई पूर्वी सलग जमीन नव्हती. ती सात बेटे होती. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचे इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरले. त्यात मुंबई आंदण म्हणून गेली. १६६८ साली राजाने ती कंपनीला वर्षाला दहा पौंडांवर देऊन टाकली. पुढे बेटांमधल्या खाड्या बांध घालून, भराव टाकून बुजवल्या. हाजीअलीजवळचा मोठा बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला. त्यामुळे पुष्कळ जमीन सखल राहिली. पावसाचे पाणी गटारांतून समुद्रात जाते. पण भरतीच्या वेळी समुद्र गटारांच्या तोंडापेक्षा वर येतो. मग पाणी जाणार कुठे? ते रस्त्यावर तुंबते. म्हणून हाजीअली, वरळी अशा ठिकाणी पाणी उपसून समुद्रात टाकणारे मोठे पंप बसवले आहेत. तरी पाऊस आणि भरती एकदम आली की हाल होतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. सपाट अंगणात तो साचून राहता तर कमरेएवढा झाला असता. त्या पुरात शेकडो माणसे गेली.

आम्ही बसमध्येच बसून राहिलो. आईने दशम्या सोडल्या. चार वाजून गेले. पाऊस थांबला नव्हता, तरी पाणी उतरू लागले. ओहोटी लागली होती! पाचला बस हलली आणि आम्ही सुखरूप घरी पोचलो.

दर्गा पाहायचा राहिला. त्याचे आम्हाला वाईट वाटले नाही. पुन्हा जाऊ, तेव्हा तिथी पाहून जाऊ.

तुम्हीही पावसाळ्यात समुद्राकाठी गेलात तर पाटी वाचा. भरतीची वेळ विचारा. साचलेल्या पाण्यात पाऊल टाकू नका.

आता पंचांग किंवा दिनदर्शिका घ्या. आजची तिथी कोणती ते वाचा. आज भरती किती वाजता? हिशेब करून पाटीवर लिहा.